अपंग प्रेक्षकांसाठी कार्यक्रमाची तयारी: जागा पाहण्यापासून मांडव उतरवेपर्यंत

नाटक, मैफल, चित्रप्रदर्शन, हस्तकलेची कार्यशाळा, खेळांची दुपार, काहीही ठरवलं तरी सोयींचा विचार बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होतो. तोवर सभागृह ठरलेलं असतं, नेपथ्य उभं असतं आणि पैसे संपलेले असतात. मग दारात एक फळी टाकली जाते आणि तिलाच रॅम्प म्हटलं जातं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं ३०वं कलम सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि खेळ यांत बरोबरीने भाग घेण्याबद्दल आहे. हा हक्क प्रत्यक्षात अडतो तो दोन सेंटिमीटरच्या उंबऱ्यावर, नाहीतर चार्ज न केलेल्या रिसीव्हरवर. म्हणून खालची कामं शक्यतो त्याच क्रमाने करा. पहिलं काम जागा नक्की करण्याच्याही आधीचं आहे.

जागा पाहायला जाताना

बरोबर मोजपट्टी, फोन आणि शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती हवी. तिच्या वेळेचं मानधन द्या, हे काम तज्ज्ञाचं आहे. गाडी थांबते तिथपासून सुरुवात करा आणि प्रेक्षक जाईल त्या वाटेने जा: गाडीतळ, फाटक, तिकीटखिडकी, दार, खुर्ची, स्वच्छतागृह, पाण्याची जागा आणि परत. व्यवस्थापकाचं ‘आमच्याकडे सगळी सोय आहे’ हे वाक्य वहीत लिहून घेऊ नका. सोय असलेलं दार मागच्या बाजूला असतं, त्याला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो त्या दिवशी रजेवर असतो.

दाराची मोकळी रुंदी मोजताना दार पूर्ण उघडून, फळी आणि समोरची चौकट यांमधलं अंतर घ्या. ते किमान ८० सेंमी हवं, ९० असेल तर उत्तम. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. वळणावर कुंड्या, फलक किंवा बुकेचं टेबल ठेवलं की ते वर्तुळ गेलंच.

लिफ्ट असेल तर घड्याळ लावून एक फेरी मोजा. समजा एका वेळी एकच व्हीलचेअर मावते आणि वर जाऊन परत यायला तीन मिनिटं लागतात. बारा जण असतील तर छत्तीस मिनिटं झाली. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात यातले निम्मेसुद्धा खाली स्वच्छतागृहात जाऊन परत येणार नाहीत. हा हिशेब जमत नसेल तर मध्यंतर वाढवा, नाहीतर दुसरी जागा बघा.

उतार

सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. १५ सेंमीच्या एका पायरीला १.८ मीटर, अशा तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. हा आकडा ऐकून बहुतेक आयोजक गप्प होतात, कारण त्यांच्या डोक्यात दीड मीटरची फळी असते. १:४ उतारावर व्हीलचेअर चढवताना ती मागे उलटू शकते आणि ढकलणाऱ्याच्या अंगावर येते. उतरताना बसलेला माणूस पुढे घसरतो. ज्याला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवायची असतात त्याला १:१२ सुद्धा चढणच वाटते. जागा असेल तर १:२० करा.

रुंदी ९० सेंमीपेक्षा कमी नको. सलग चढ ७५ सेंमी उंचीपर्यंतच ठेवा, मग दीड मीटरची सपाट जागा, मग पुढचा चढ. दोन्ही कडांना किमान ५ सेंमीची पट्टी ठोका, नाहीतर चाक बाहेर जातं. एका पायरीपेक्षा जास्त चढ असेल तर दोन्ही बाजूंना कठडा हवा. विजेवर चालणारी व्हीलचेअर बसलेल्या माणसासकट दोनशे किलोच्या वर जाऊ शकते, त्यामुळे ३०० किलो पेलेल असाच रॅम्प घ्या. प्लायवूडचा बनवत असाल तर १८ मिमी जाडीचं प्लाय घ्या, खाली दर ४० सेंमीवर आडवा आधार द्या आणि वर खरखरीत पट्टी चिकटवा. गुळगुळीत प्लायवर पाणी सांडलं की कुबडीचं टोक सटकतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रॅम्पच्या खालच्या टोकाला. तिथे प्लायची जाडी तशीच उभी राहते, दोन सेंटिमीटरची छोटीशी पायरीच. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. ती या कडेला टेकून थांबतात, आणि मागून जोर लावला की माणूस पुढे फेकला जातो. कड रंध्याने तिरकी करा किंवा पातळ धातूची पट्टी लावून जमिनीशी मिळवा. हीच गोष्ट गालिच्याच्या सुरकुतीची आणि जमिनीवरच्या वायरींची. वायरी वाटेवरून नेऊच नका. न्याव्याच लागल्या तर दोन्ही बाजूंना मंद उतार असलेली वायर-झाकणं वापरा. वाहनांसाठीची उंच झाकणं व्हीलचेअरला टेकडीसारखी असतात.

खुर्च्या आणि नजर

एका व्हीलचेअरला समोरून किंवा मागून येता येत असेल तर साधारण ९० बाय १२० सेंमी जागा लागते. बाजूने आत शिरायचं असेल तर लांबी १५० सेंमी धरा. शेजारीच सोबत्याची खुर्ची हवी, मागे किंवा तीन रांगा पलीकडे नको. जोडप्याने एकमेकांकडे बघायला मान वळवावी लागू नये एवढीच साधी अपेक्षा असते. जागा किमान दोन-तीन ठिकाणी विखुरलेल्या ठेवा. सगळ्यांना शेवटच्या रांगेत किंवा दाराजवळच्या कोपऱ्यात बसवणं सोपं असतं, पण तिकिटाचे पैसे तेवढेच असतात.

प्रेक्षक उभे राहतात अशा मैफलीत चौथरा लागतो. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११५ सेंमीवर असते. पुढच्या उभ्या माणसाचं डोकं १७५ सेंमीवर धरलं तर चौथरा ६० सेंमी उंच हवा, म्हणजे त्याचा रॅम्प ७.२ मीटरचा. ही लांबी नकाशात आधीच काढून ठेवा. नंतर तिथे ध्वनियंत्रणेचं टेबल येऊन बसलेलं असतं.

मोकळ्या मैदानावर गवत आणि चिखल हे उताराइतकेच त्रासदायक असतात. मुख्य वाटेवर दीड मीटर रुंदीचे जोडपट्टे किंवा प्लायचे तक्ते टाका, आणि सांधे नीट जुळवा.

स्वच्छतागृह

आत दीड मीटरचं वळण, बाहेर उघडणारं दार, ४५ ते ४८ सेंमी उंचीचं आसन, आडव्या आधारपट्ट्या आणि जमिनीपर्यंत पोचणारी, ओढली की मदतीची घंटा वाजवणारी धोक्याची दोरी. दोरी वर गुंडाळून बांधलेली असते, सफाईला अडचण होते म्हणून. पडलेल्या माणसाला ती मिळतच नाही. कार्यक्रमाच्या सकाळी स्वतः जाऊन ती सोडा. आतले खोके, झाडू आणि जादा खुर्च्याही बाहेर काढा, कारण ही खोली बहुतेक ठिकाणी कोठीघर म्हणूनच वापरात असते.

जाहिरात आणि नोंदणी

कार्यक्रमाच्या पानावर सोयींची माहिती आकड्यांत द्या. ‘सर्वांसाठी सुलभ’ या शब्दांवरून कोणी घराबाहेर पडत नाही. मुख्य दाराला पायऱ्या किती, रॅम्प कुठल्या बाजूला, गाडीपासून दारापर्यंत किती मीटर, कुठल्या खेळाला सांकेतिक भाषेचे दुभाषी आहेत, झगमगते दिवे आहेत का, हे लिहा. जे नाही तेही लिहा. लिफ्ट नाही हे घरी वाचलेलं बरं, जिन्याखाली उभं राहून कळलेलं वाईट.

भित्तिपत्रकाचा फोटो टाकून मोकळे होऊ नका. स्क्रीन रीडर (पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) चित्रातलं वाचेलच असं नाही, तोच मजकूर अक्षरांत द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ४.५:१ किंवा जास्त ठेवा. पिवळ्यावर पांढरं हे प्रकरण पाहायलासुद्धा नको.

नोंदणीच्या अर्जात आजाराचं नाव विचारू नका. ‘तुम्हाला कुठली सोय लागेल?’ एवढा प्रश्न पुरतो, आणि खाली पर्याय: व्हीलचेअरची जागा, दुभाषी, मथळे (बोललेलं पडद्यावर अक्षरांत), ध्वनिवर्णन, मोठ्या अक्षरांतली पत्रिका, शांत खोली, मार्गदर्शक कुत्रा, मदतनीस, आणखी काही. मदतनिसाला तिकीट लावू नका. त्याच्याशिवाय ती व्यक्ती येऊच शकत नसेल तर एका जागेला दोन तिकिटं घेतल्यासारखं होतं. फोन, संदेश आणि ईमेल असे तिन्ही मार्ग ठेवा. फक्त फोन ठेवला की कर्णबधिर माणूस पहिल्याच पायरीवर गळतो.

ऐकू न येणाऱ्यांसाठी

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: दुभाषी उभा केला की झालं. वय वाढल्यावर ऐकू कमी येऊ लागलेल्यांना सहसा सांकेतिक भाषा येत नाही, त्यांना मथळे किंवा चांगला आवाज हवा असतो. उलट जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेकांना लिहिलेली भाषा ही दुसरी भाषा असते, भराभर सरकणारे मथळे त्यांना पुरत नाहीत. एकाची सोय दुसऱ्याच्या नावावर खपत नाही.

दुभाषी नेहमी दोन घ्या. दर वीस-तीस मिनिटांनी ते बदलतात, कारण त्यानंतर थकव्याने चुका वाढतात. सांकेतिक भाषा जगभर एक नाही. तुमच्या प्रेक्षकांची कुठली ते आधी विचारा. संहिता, गाण्यांचे शब्द आणि पात्रांची नावं निदान दोन आठवडे आधी दुभाष्यांच्या हाती द्या, आणि रंगीत तालमीला बोलवा. उभं राहण्याची जागा रंगमंचाच्या कडेला पण मुख्य हालचालीजवळ असावी, म्हणजे प्रेक्षकाला हात आणि नट एकाच नजरेत दिसतील. कपडे एकरंगी, त्वचेपेक्षा वेगळ्या छटेचे. प्रकाशयोजनाकाराला स्वतंत्रपणे सांगा: अंधाराच्या प्रसंगातही दुभाष्यावरचा दिवा जाता कामा नये. तालमीत हा दिवा असतो आणि प्रयोगात जातो, असं वारंवार होतं, कारण तो प्रकाशाच्या लिखित नोंदींत घातलेलाच नसतो.

मथळे दोन प्रकारचे. संहिता ठरलेली असेल तर ओळी आधी भरून ठेवायच्या आणि चालकाने प्रयोगाबरोबर एकेक पुढे सरकवायची. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत ३५-४० अक्षरं. बोलणाऱ्याचं नाव आणि ‘दारावर थाप’, ‘दूर बासरी’ असे आवाजही लिहा. नट एक उतारा गाळून पुढे गेला तर चालकाने हजरजबाबीपणे उडी मारायला हवी, म्हणून तो निदान दोन तालमींना बसलेला असावा. भाषणं आणि चर्चांसाठी थेट टंकलेखन करणारा माणूस लागतो. यंत्राने आपोआप निघणारे मथळे नावं आणि मिश्र भाषा यांत अडखळतात. ते वापरायचेच तर शब्दांची यादी आधी भरा आणि दुरुस्तीला एक माणूस बसवा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप: सभागृहाभोवती तार, तिला खास अँप्लिफायर, आणि त्यात थेट ध्वनीटेबलावरून आलेला आवाज. सभागृहात टांगलेल्या माइकचा आवाज दिला तर खोकला आणि घुमणं तेवढं मोठं होऊन पोचतं. श्रवणयंत्र ‘टी’वर (लूपचा सिग्नल पकडणाऱ्या टेलिकॉइलवर) ठेवलं की आवाज सरळ कानात येतो. जमिनीतलं लोखंड सिग्नल खातं, दिव्यांच्या डिमरमुळे गुणगुण येते, आणि शेजारच्या सभागृहातही लूप असेल तर तिथला संवाद इथे ऐकू येतो. म्हणून तपासणी खुर्च्यांमधून चालत, दिवे चालू ठेवून करायची. ज्यांच्या यंत्रात ‘टी’ नसतं त्यांना रिसीव्हर आणि हेडफोन द्या. इन्फ्रारेडचे रिसीव्हर भर उन्हात नीट चालत नाहीत, मैदानावर रेडिओचे घ्या. आदल्या रात्री सगळे चार्ज करा आणि चार जादा ठेवा.

न दिसणाऱ्यांसाठी

ध्वनिवर्णन म्हणजे संवादांच्या मधल्या जागेत, मंचावर काय घडतंय ते कानात सांगणं. वर्णन करणाऱ्याने प्रयोग किंवा तालीम किमान दोनदा पाहून संहिता लिहायची. संवादावर बोलायचं नाही, अर्थ सांगायचा नाही. ‘तो चिडतो’ याऐवजी ‘तो पत्र चुरगळतो’. चिडला की घाबरला ते ऐकणारा ठरवेल. वर्णन करणाऱ्याला मंच स्पष्ट दिसणारी, आवाज बाहेर न जाणारी खोली हवी. हेडफोन एका कानाचा द्या, दुसऱ्या कानाने नाटक ऐकायचं असतं. फोनच्या वायफायवरून वर्णन पाठवत असाल तर उशीर किती होतो ते आधी मोजा. हशा पिकल्यानंतर विनोदाचं वर्णन आलं तर काय कामाचं?

प्रयोगाआधी तासभर मंचाची स्पर्शफेरी ठेवा, आठ-दहा जणांची. नेपथ्याच्या कडा, पायऱ्यांची उंची, झोपाळ्याची साखळी, तलवारीची मूठ, शालूचा काठ हे हातांना कळू द्या. मग प्रत्येक नटाने स्वतःच्या आवाजात पात्राचं नाव आणि एक वाक्य म्हणायचं. पुढे अंधारात तो आवाज आला की प्रेक्षकाला नाव आठवतं. या फेरीला मंचव्यवस्थापक हजर हवा, आणि टांगलेल्या व फिरत्या वस्तू बांधलेल्या हव्यात.

पत्रिका ब्रेलमध्ये, १८ पॉइंटच्या मोठ्या अक्षरांत आणि ध्वनिफितीवर अशी तिन्ही रूपांत काढा. ब्रेल न येणारे अंध लोक खूप आहेत, त्यामुळे फक्त ब्रेल छापून समाधान मानू नका. प्रदर्शनात स्पर्शासाठी प्रतिकृती ठेवणार असाल तर हातमोजे शक्यतो टाळा, त्यांनी बारकावा बोथट होतो. अंगठ्या काढून हात धुतले की बहुतेक प्रतिकृतींना पुरतं.

मोकळेढाकळे खेळ

स्वमग्न व्यक्ती, बौद्धिक अक्षमता असलेले प्रेक्षक, स्मृतिभ्रंश असलेले वृद्ध यांच्यासाठी प्रयोग थोडा सैल करायचा असतो. प्रेक्षागृहातले दिवे मंद पण चालू, दारं उघडी, मधेच उठून जायला-यायला मुभा, बोललं-हसलं तरी चालेल. अचानक येणारे स्फोट आणि कर्कश आवाज कमी करा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश कुठल्याच खेळात नको, त्याने फेफरं येऊ शकतं.

आठवडाभर आधी चित्रमार्गदर्शिका पाठवा: दार, तिकीटखिडकी, खुर्ची, नट आधी साध्या कपड्यांत आणि मग वेषात, असे दहा-पंधरा फोटो आणि प्रत्येकाखाली एक छोटं वाक्य. फोटो त्याच इमारतीचे असू द्या. शांत खोली जनरेटरपासून दूर, मंद उजेडाची, जमिनीवर गाद्या आणि आवाज अडवणारी कानझाकणं असलेली हवी. दोन दारांमधला बोळ म्हणजे शांत खोली नव्हे. द्वारपालांना बजावून ठेवा की ‘श्श्श’ करायचं नाही. आणि असा खेळ कायम आडवारी सकाळी अकराला ठेवू नका. नोकरी करणारे स्वमग्न लोकही असतात.

कार्यशाळा

टेबलाखाली गुडघ्यांना ७० सेंमी मोकळी उंची हवी. आडव्या पट्टीचं टेबल बाहेरून छान दिसतं आणि व्हीलचेअर आत शिरू देत नाही. कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने पक्का करा, रंगाच्या वाट्यांखाली न सरकणारी रबरी चटई टाका. पकड कमी असेल तर कुंचल्याच्या दांड्यावर पाइपला गुंडाळतात ती फोमची नळी बसवा. बोटं अजिबात मिटत नसतील तर तळव्याला बांधायचा पट्टा घ्या, त्यात कुंचला खोचता येतो. अंध सहभागींसाठी रेषा कापडाच्या गोंदाने काढून रात्रभर वाळू द्या, सकाळी ती बोटाला लागते. ओल्या गोंदावर घाईने हात गेला की सगळं चित्र पुसतं.

खेळ

दोन खेळ फार थोड्या सामानात होतात. बोचिया या चेंडू फेकण्याच्या खेळाचं मैदान १२.५ बाय ६ मीटर असतं. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू, आणि पांढऱ्याच्या जवळ जास्त चेंडू नेणारा जिंकतो. चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा, घेर २७ सेंमी. ज्याला फेकता येत नाही तो उतरत्या पन्हाळीवरून चेंडू सोडतो. ११ सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप लांबीत अर्धा चिरला की सरावापुरती पन्हाळी तयार. नियम असा की पन्हाळी हलवणाऱ्या मदतनिसाची पाठ मैदानाकडे असली पाहिजे. खेळाडू सांगेल तेवढंच तो हलवतो. हा नियम पाळला नाही तर खेळ मदतनीसच खेळतो.

गोलबॉल १९४६ साली युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. १८ बाय ९ मीटरचं मैदान, प्रत्येक बाजूला तिघं, सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. रेषा आखताना चिकटपट्टीखाली तीन मिलिमीटरची सुतळी घाला, म्हणजे ती हाताने लागते. खरी अडचण आवाजाची. चेंडू घुंगरांच्या आवाजावरूनच अडवायचा असतो, म्हणून पंखे बंद, फोन बंद, टाळ्या फक्त गोल झाल्यावर. पट्टी लावलेले डोळस लोकही यात रमतात, आणि पहिली दहा मिनिटं हमखास चुकीच्या दिशेने लोळतात.

मंचावर कोण

एवढी तयारी प्रेक्षकांसाठी करून विंगेत तीन पायऱ्या तशाच ठेवल्या जातात. कलाकार, निवेदक, परीक्षक, सत्कारमूर्ती यांतलं कोणी व्हीलचेअरवर असेल हे डोक्यातच नसतं. मंचावर जायचा रॅम्प, खाली येणारा माइक, रंगभूषेच्या खोलीत बसून दिसेल असा आरसा, यांची मोजमापं पहिल्या भेटीतच घ्या.

माणसं आणि आणीबाणी

स्वयंसेवकांना तासभर प्रशिक्षण द्या. बोलायचं ते त्या व्यक्तीशी, सोबत्याशी नाही. व्हीलचेअरला न विचारता हात लावायचा नाही. अंध व्यक्तीचा हात धरून ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं, पायरी आली की थांबून ‘खाली’ किंवा ‘वर’ म्हणायचं. सराव डोळ्यांवर पट्टी बांधून, प्रत्यक्ष जिन्यावर करा.

आगीत लिफ्ट वापरत नाहीत. म्हणून वरच्या मजल्यावर व्हीलचेअरवाले असतील तर जिन्यावरून खाली न्यायची खास खुर्ची, ती चालवता येणारी दोन माणसं आणि धुरापासून सुरक्षित थांबायची जागा आधीच ठरवा. भोंगा कर्णबधिरांना ऐकू येत नाही, त्यांच्या रांगेजवळ एक स्वयंसेवक किंवा लखलखणारा दिवा हवा. कोण कुठे बसलंय त्याची यादी द्वारपालाच्या खिशात असू द्या.

खेळ संपला की रिसीव्हर मोजून घ्या, आणि अभिप्राय लिहून, बोलून किंवा खुणांच्या भाषेतला व्हिडिओ पाठवून देता येईल अशी सोय ठेवा. मांडववाल्यांना घाई असते आणि रॅम्प दारातच असल्याने ते सगळ्यात आधी तोच उचलतात. स्वच्छतागृहात कोणी राहिलंय का, कोणी गाडीची वाट पाहत आत थांबलंय का ते पाहून झाल्याशिवाय रॅम्पला हात लावू देऊ नका.